चार वर्षांच्या मुलीची गरगर आणि तेरा वर्षांच्या मुलाची भोवळ

प्रश्न थोडक्यात असा. घरात दोन मुलं. चार वर्षांची मुलगी खेळता खेळता मध्येच थांबते, भिंत किंवा आईचा हात घट्ट धरते, पांढरीफटक पडते, कधी एखादी उलटी होते आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा खेळायला पळते. दोन महिन्यांत असं पाच-सहा वेळा झालं. तिचा तेरा वर्षांचा भाऊ शाळेत परिपाठाला उभा असताना दोनदा कोसळला. घरातली मोठी माणसं म्हणतात, दोघांनाही पित्त झालंय. एका नातेवाइकाचा सल्ला आहे की दोघांचेही डोक्याचे एमआरआय करून घ्या. आजार एकच आहे का, आणि नेमकं काय तपासायचं?

आजार एक नाही. एकच आहे तो शब्द. मराठीत आपण चार वेगवेगळ्या गोष्टींना ‘चक्कर’ म्हणतो. आजूबाजूचं सगळं फिरणं, म्हणजे गरगर. हिचा उगम बहुतेकदा आतल्या कानात, मायग्रेनमध्ये किंवा लहान मेंदूत (डोक्याच्या मागच्या बाजूचा, तोल सांभाळणारा मेंदूचा भाग) असतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं, म्हणजे भोवळ. यात मेंदूला काही क्षण रक्त कमी पोहोचतं. चालताना झोक जाणं हा तोलाचा, पायातल्या ताकदीचा किंवा लहान मेंदूचा प्रश्न. आणि चौथं म्हणजे डोकं हलकं, तरंगल्यासारखं वाटणं. त्यामागे जागरण, उपाशीपोट, रक्तक्षय, भीती असं काहीही असू शकतं. या चारांतलं काय आहे हे ठरेपर्यंत कोणतीही तपासणी सुरू करू नये. अर्धं निदान तिथेच होतं.

पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला विचारता येतं: भोवरा फिरतो तसं घर फिरतंय, की झोक्यावर बसल्यासारखं वाटतंय, की डोळ्यांसमोर काळं होतंय? हाताने दाखव म्हटलं की मुलं फार अचूक दाखवतात. त्याहून लहान मूल ‘मला चक्कर येते’ असं सांगतच नाही. ते चालता चालता थबकतं, जमिनीवर पालथं पडून राहतं, डोळे मिटून घेतं, कडेवरून खाली उतरायला तयार होत नाही, कारण नसताना घाबरून रडतं. यातलं काही अचानक सुरू होऊन अचानक थांबत असेल तर तो हट्ट नसून गरगर असू शकते.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि तो घड्याळ बघून नोंदवायचा. काही सेकंद टिकणारी चक्कर कूस बदलताना येते की उठून उभं राहताना, ते बघायचं: पहिलीत आतल्या कानातले तोलाशी संबंधित बारीक कण जागेवरून सरकलेले असतात, दुसरीत रक्तदाब उतरतो. काही मिनिटांचा झटका लहान वयातल्या वारंवार गरगरीत येतो, क्वचित फिटमध्येही. तासांवर गेला तर मायग्रेन आधी डोक्यात यावा. दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही चालू असेल तर कानातल्या नसेची किंवा लहान मेंदूची सूज. आणि आठवडे उलटूनही तोल सुधारण्याऐवजी बिघडत चालला असेल, तर वाट बघायची नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ. झटका आला की आधी मुलाला सुरक्षित बसवा, आणि मग चेहऱ्यापासून एका हातावर कॅमेरा धरून तीस सेकंद फक्त डोळे टिपा. खोलीत उजेड हवा, फ्लॅश नको. मूल सरळ बघत असताना दहा सेकंद, मग उजवीकडे खेळणं दाखवून दहा, डावीकडे दहा. बुबुळं एका दिशेला हळू सरकून उलट झटक्याने परत येताना दिसली, तर गरगर खरी आहे याचा तो पुरावा. नंतर मूल चालत असल्याची एक छोटी फीत. महागड्या चाचणीने कळत नाही ते अशा अर्ध्या मिनिटात अनेकदा कळतं, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत झटका संपलेला असतो.

पहिलं वर्ष

तान्ह्या बाळाची चक्कर दिसते ती मान आणि तोल यांच्या उशिरात. चार महिने झाले तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिने झाले तरी चालत नाही. आणि जोडीला आवाजाकडे वळत नाही, तर आतल्या कानाचे दोन्ही भाग, ऐकण्याचा आणि तोलाचा, एकत्र तपासायला हवेत. गरोदरपणात झालेला सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, मेनिन्जायटिस, नवजात अतिदक्षता कक्षात दिलेली जेंटामायसिन-अमिकासिनची इंजेक्शनं, किंवा अशरसारखा (ऐकणं आणि पुढे दृष्टीही बाधित करणारा) जनुकीय आजार ही यामागची कारणं. जन्मतः बहिरं आणि उशिरा चालणारं मूल ‘मतिमंद’ ठरवलं जातं, आणि त्याची बुद्धी उत्तम असते. हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे. अशा मुलांच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: दोन्ही कानांचा तोल गेलेल्या मुलाला पाण्याखाली वर-खाली कळत नाही. विहीर, नदी, तरणतलाव, कुठेही त्याला एकटं सोडू नये; अंधारातही ते पडतं.

काही बाळांची मान दर काही आठवड्यांनी एका बाजूला वळून राहते, काही तास ते काही दिवस. बाळ चिडतं, उलटी करतं आणि मग मान आपोआप सरळ होते. हा मायग्रेनच्या घराण्यातलाच प्रकार आहे, तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांचा थांबतो. मान तेल लावून जोर देऊन सरळ करू नका. पहिल्या झटक्याला मात्र डॉक्टरांनी मेंदू आणि मानेचे इतर आजार नाहीत याची खात्री केलीच पाहिजे.

एक ते पाच वर्षं

तुमच्या मुलीचं वर्णन याच वयातल्या एका ठळक प्रकाराशी जुळतं. १९६४ मध्ये बॅसर नावाच्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. अलीकडे, २०२१ पासून, त्याला लहान मुलांतली वारंवार येणारी गरगर असं नाव दिलं जातं. पूर्वसूचना नाही, पहिल्या क्षणीच जोर सर्वांत जास्त, मूल भेदरलेलं आणि फिकट, शुद्ध पूर्ण जागेवर, काही मिनिटांत सगळं ठीक. दोन झटक्यांच्या मधल्या काळात चालणं, बोलणं, ऐकणं अगदी नॉर्मल. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा: मधल्या दिवसांत मूल ठणठणीत असेल तरच हे निदान. अनेकदा आईला किंवा मावशीला अर्धशिशी असते, किंवा मुलीला गाडी लागते. बहुतेकांचे झटके शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत विरळ होत थांबतात. काहींना पुढे डोकेदुखीचा मायग्रेन होतो. झटक्यात करायचं ते एवढंच: बसवा किंवा कुशीवर झोपवा, धरून ठेवा, शांतपणे बोलत राहा. दोन मिनिटांच्या झटक्यावर गोळी देण्यात अर्थ नाही, ती पोटात विरघळेपर्यंत तो संपलेला असतो.

पण निदानाआधी कान बघून घ्यायचे. सर्दीनंतर पडद्यामागे चिकट पाणी साठून राहणं या वयात फार नेहमीचं आहे. कान दुखत नाही, ताप नाही. मूल फक्त टीव्ही मोठ्याने लावतं, दोनदा हाक मारावी लागते, आणि धडपडतं. टिम्पॅनोमेट्री नावाच्या दोन मिनिटांच्या, न दुखणाऱ्या तपासणीत आलेख सपाट आला की पाणी आहे हे कळतं. बहुतेकांचं तीन महिन्यांत जातं. तेवढ्यातही राहिलं आणि ऐकणं कमी झालं असेल, तर पडद्यात ग्रॉमेट म्हणजे बारीकशी नळी बसवतात, आणि तोल लक्षणीय सुधारतो. कानातून वास येणारा पू येत असेल आणि त्यात गरगर सुरू झाली, तर मात्र हाड कुरतडणारा आजार आतल्या कानापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. कानात गरम तेल, लसणाचं तेल अजिबात नको.

याच वयात अचानक झोकांड्या देत चालू लागलेल्या मुलाबद्दल दोन प्रश्न लगेच विचारायचे. पहिला: घरात कुणाच्या गोळ्या मोकळ्या पडल्या होत्या का? आजोबांची साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी, आजीची झोपेची गोळी, फिटचं औषध, सर्दीचं गुंगी आणणारं सिरप. साखरेच्या गोळीने मुलाची रक्तशर्करा तासन्तास खाली जात राहते, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबायचं नाही. मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर साखरपाणी पाजून दवाखाना गाठायचा, गोळ्यांचं पाकीट सोबत न्यायचं. दुसरा प्रश्न: गेल्या दोन-तीन आठवड्यांत कांजिण्या किंवा दुसरा विषाणूजन्य ताप येऊन गेला का? त्यानंतर लहान मेंदूला तात्पुरती सूज येऊन मूल दारुड्यासारखं चालतं. बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात, पण पहिल्यांदा दवाखान्यातच बघावं लागतं. पाय नुसते अडखळत नसून त्यांतली ताकदच कमी होत असेल, जिना चढवत नसेल, तर ती चक्कर नव्हे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयां-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले होते. त्या आजारात आधी जुलाब, मग पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा असा क्रम असतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडत नाही, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळतं.

सहा ते बारा

आता ‘पित्ता’विषयी, कारण या वयात त्या शब्दाने सर्वाधिक नुकसान होतं. मूल दुपारी शाळेतून उन्हातून येतं, डबा अर्धा राहिलेला, कपाळ दुखतं, गरगरतं, उजेड नको वाटतो, उलटी होते, दोन तास झोपलं की उठून जेवायला मागतं. घरी याला पित्त म्हणतात, आणि उलटी झाल्यावर बरं वाटतं म्हणून ते पटतंही. प्रत्यक्षात हा बहुतेक वेळा मायग्रेन असतो. गरगर आणि डोकेदुखी एकाच वेळी असलीच पाहिजे असं नाही. निकष असा: पाच मिनिटं ते ७२ तासांपर्यंतचे किमान पाच झटके, आणि त्यांतल्या निम्म्यांत तरी डोकेदुखी, उजेड-आवाज नकोसा होणं किंवा डोळ्यांपुढे चमकणं यांपैकी काही. मुलांच्या गरगरीची कारणं मोजायला बसलं तर मायग्रेन आणि त्याचे सगे-सोयरे वरच्या क्रमांकावर येतात. अ‍ॅसिडिटीचं औषध चालू ठेवून वर्षं घालवण्यापेक्षा एक वही करा: तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री किती झोप, शेवटचं खाणं कधी, किती पाणी. महिन्याभरात नमुना स्वतःच दिसतो. रोज ठरावीक वेळी झोप, सकाळी खाऊनच बाहेर पडणं, शाळेत पाण्याची बाटली संपवणं, एवढ्यानेच बऱ्याच मुलांचे झटके घटतात.

डोकं दुखायला लागताच औषध द्यायचं, उलटी सुरू झाल्यावर नाही. आयबुप्रोफेन वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम, काहीतरी खाल्ल्यावर; किंवा पॅरासिटामॉल किलोमागे १५, म्हणजे ३००. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन नको. आठवड्याला दोनापेक्षा जास्त दिवस वेदनाशामक लागत असेल तर रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विचार डॉक्टरांबरोबर करायचा.

गाडी लागणं हा आजार नव्हे. दोन वर्षांच्या आत ते क्वचित होतं, सहा ते बारामध्ये जोरात असतं आणि पुढे ओसरतं. डोळे मोबाइलवर स्थिर आणि कान सांगतोय की आपण वळतोय, या विसंगतीतून ते येतं. म्हणून घाटात मोबाइल आणि पुस्तक बंद, एसटीत पुढची खिडकी, नजर लांबच्या डोंगरावर, पोटात हलकं काहीतरी. प्रवासातल्या उलटीवरचं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला कधीच नाही, श्वास मंदावण्याचा धोका असतो.

तापानंतर अचानक सुरू झालेली, थांबतच नसलेली गरगर आणि उलट्या: इथे कानातली नस सुजलीय की मेंदूत काही आहे, हे ठरवण्याची एक साधी तपासणी आहे. मुलाने डॉक्टरांच्या नाकाकडे बघत राहायचं; डॉक्टर त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून एकदम, पण अगदी थोडं, एका बाजूला वळवतात. डोळे डोक्याबरोबर घसरून मग झटक्याने नाकावर परतले, तर त्या बाजूचा कान दोषी. डोळे नाकावरून हललेच नाहीत, तरीही गरगर चालूच आहे, तर हा ‘नॉर्मल’ निकाल दिलासा देणारा नाही. उलट तेव्हा मेंदूची तपासणी तातडीने हवी. कानाचा रुग्ण एका बाजूला कलत का होईना, पण चालतो. ज्याला बसताही येत नाही त्याची काळजी जास्त. मान दुखावलेली असेल तर ही तपासणी करायची नाही, आणि घरी तर कधीच नाही.

डोक्याला मार लागल्यावर कूस बदलताना सेकंदभर गरगरत असेल, तर कानातले कण सरकले आहेत. मुलांत एरवी दुर्मीळ असलेला हा प्रकार डोकं ठरावीक क्रमाने फिरवून काही मिनिटांत बरा करता येतो. लहानशा धक्क्यानंतर ऐकूच कमी येऊ लागलं, तर आतल्या कानाची जन्मजात रचना तपासावी. वाचन-संगणकानंतरच डोकं जड होऊन तरंगल्यासारखं होत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना नंबराबरोबर दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळतात का, तेही बघायला सांगा.

ज्या खुणांवर थांबायचं नाही, त्या या: सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, आठवड्यामागून आठवडे, नव्याने आलेला तिरळेपणा किंवा एकाचे दोन दिसणं, मान सतत एका बाजूला कललेली, पूर्वी येणारी सायकल, बटणं, अक्षर बिघडत जाणं, डोळे वर-खाली नाचणं, एका बाजूचं ऐकणं अचानक जाणं, चक्कर येताना बेशुद्धी किंवा फिट. मुलांच्या मेंदूतल्या गाठी बऱ्याचदा मागच्या-खालच्या भागात, लहान मेंदूजवळ होतात, आणि तिथली छोटी गाठ हाडाच्या सावलीमुळे सीटी स्कॅनमध्ये निसटू शकते. म्हणून ‘सीटी नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. या खुणा असतील तर एमआरआय हवाच.

तेरा ते अठरा

इथे पारडं कानाकडून रक्ताभिसरणाकडे झुकतं. परिपाठाला रांगेत पंधरा-वीस मिनिटं ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साठतं. त्यात न्याहारी नाही, पाणी नाही, कोंदट हवा. नाडी आणि दाब दोन्ही उतरतात, कान बधिर होतात, घाम फुटतो, दृष्टी काळवंडते, मूल कोसळतं. जमिनीवर आडवं होताच मेंदूला रक्त मिळतं आणि मिनिटभरात शुद्ध येते. पडल्यावर हातपाय पाच-दहा सेकंद थरथरले तरी ती फिट असतेच असं नाही. चूक नेमकी इथे होते: आजूबाजूचे त्याला उचलून खुर्चीवर बसवतात, तोंडात पाणी ओततात, कांदा हुंगवतात. बसवलं की पुन्हा शुद्ध हरपते, आणि बेशुद्धीत पाजलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. आडवंच ठेवा, पाय हातभर वर उचला, मोकळी हवा द्या, दहा मिनिटं उठू देऊ नका.

त्याला शिकवायचं ते असं: अंधारी येतेय असं वाटताच लाज न बाळगता खाली बसायचं. तेवढं शक्य नसेल तर पाय एकमेकांत अडकवून मांड्या, पोट आणि मुठी जोरात आवळायच्या. रांगेत टाचा वर-खाली करत राहायच्या. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, मीठ उगाच कमी करायचं नाही.

पण हे सगळं हृदय निर्दोष आहे हे बघितल्यावर. धावताना किंवा पोहताना कोसळणं, मोठ्या आवाजाने किंवा दचकून कोसळणं, आधी छातीत धडधड, काहीही पूर्वसूचना नसणं, घराण्यात चाळिशीच्या आत कुणाचा अचानक मृत्यू: यांतलं एकही उत्तर ‘हो’ असेल तर त्या दिवसापासून खेळ बंद आणि बालहृदयरोगतज्ज्ञ. एकही नसलं, तरी पहिल्या भोवळीनंतर एक ईसीजी प्रत्येकाचा व्हावा. ती पट्टी स्वस्त आहे आणि क्यूटी (प्रत्येक ठोक्यातला हृदयाच्या विद्युत क्रियेचा एक कालावधी) लांबण्यासारखा जीवघेणा दोष तिच्यात दिसतो.

दवाखान्यात उभ्याने रक्तदाब बघितला जातो का, याकडे लक्ष द्या. पाच मिनिटं झोपवून दाब व नाडी, मग उभं करून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला. तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दाबाचा दोष. दाब टिकून नाडी ४० किंवा अधिक ठोक्यांनी वाढत असेल आणि तीन महिन्यांहून जास्त त्रास असेल, तर त्या स्थितीची वेगळी उपचारपद्धत आहे. नुसत्या बसल्या रक्तदाबावरून ‘लो बीपी’ ठरवू नये.

मुलींत हिमोग्लोबिन आधी बघावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. जास्त रक्तस्राव होणारी पाळी हे त्यामागचं एक कारण असतं, आणि मुली ते सांगत नाहीत, विचारावं लागतं. १२ ते १४ वयात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. पाच ते अकरा वयात ११.५. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, ही प्रतिबंधासाठी आहे. रक्तक्षय असेल तर रोजचा डोस लागतो आणि हिमोग्लोबिन वाढल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवावा लागतो. जेवणावर चहा घेतला की त्यातलं बरंचसं लोह वाया जातं.

कारण काही सापडत नाही, सगळे रिपोर्ट चांगले, पण मूल दिवसभर तरंगल्यासारखं वाटतं म्हणतं, परीक्षेच्या आठवड्यात जास्त, श्वास भरभर, बोटांना मुंग्या: हे नाटक नव्हे. भीतीने श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि चक्कर खरोखर येते. हळू श्वास, तोलाचे व्यायाम, समुपदेशन यांनी ते बरं होतं. ‘काही झालं नाहीये तुला’ म्हटल्याने वाढतं.

औषधांबाबत एक सावधगिरी. चक्कर आणि उलटीवर प्रोक्लोरपेराझिन सर्रास दिलं जातं. मुलांत त्याने मान मागे खेचली जाते, डोळे वर चढतात, जबडा वाकडा होतो, आणि ते फिट किंवा धनुर्वात समजून घर हादरतं. असं झालं तर औषधाचं पाकीट दाखवा. एका इंजेक्शनने ते उतरतं. मेटोक्लोप्रामाइडनेही हेच होऊ शकतं. चक्करवरचंच बीटाहिस्टीन अठरा वर्षांखाली देण्याची शिफारस नाही. सिनारिझिन महिनोन्महिने चालू ठेवू नये. मोठ्यांची ‘चक्करची गोळी’ अर्धी करून मुलाला देणं तर नकोच.

तुमच्या घरी क्रम असा ठेवा. आधी मुलगा: या आठवड्यात ईसीजी, उभ्याने दहा मिनिटं रक्तदाब, हिमोग्लोबिन. मुलीचे कान, टिम्पॅनोमेट्री आणि ऐकण्याची तपासणी, बुबुळांच्या हालचाली, डोळ्यांचा पडदा, आणि चालणं: चार वर्षांच्या मुलीला एका पायावर चार-पाच सेकंद उभं राहता आलं पाहिजे, उड्या मारता आल्या पाहिजेत. हे सगळं नीट असेल तर तिला गुंगी देऊन एमआरआय करायची आज गरज नाही. व्हिडिओ आणि वही घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. झटके वाढले, लांबले, किंवा मधल्या दिवसांतही ती अडखळू लागली, तर त्याआधीच.